मी फक्त ‘पडलोय’ म्हणालो होतो

तीर्थरूप मामांस,

तुमच्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेस अक्षरशः घ्यावा. मी खरोखरच आडवा आहे आणि हे पत्र पालथा पडून लिहितोय, त्यामुळे ओळी उताराला लागल्या आहेत. वाचताना मान जरा तिरकी करावी.) तुमची तब्येत ठणठणीत असणार याबद्दल मला शंका नाही. शंका नसलेली या पत्रातली ती एकच गोष्ट, म्हणून आधीच सांगून टाकली. सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? व्हरांड्यातली तुमची आरामखुर्ची अजून तशीच कुरकुरते ना, की इकडे येण्याआधी चिरंजीवांनी ती दुरुस्त करून टाकली? दुरुस्त केली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. इकडे आमच्या घरात एकही वस्तू आता पहिल्यासारखी आवाज करत नाही.

पुढचं वाचण्याआधी कृपा करून दार लोटून घ्या. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवू नका, कारण त्यांना कळलेलं तुमच्या कन्येला त्याच संध्याकाळी कळतं, आणि तुमच्या कन्येवरच सध्या माझी बारीक नजर आहे. फोन का केला नाही असं विचाराल, तर फोनवर या घरात काही बोलायची सोय राहिलेली नाही. फोननेच माझा घात केलाय. तो कसा केला ते सांगण्यासाठीच हा पत्राचा खटाटोप. वाचून झालं की पत्र जाळून टाका. जाळायचा कंटाळा आला तर निदान फाडा, आणि फाडायचाही कंटाळा आला तर खुर्चीच्या गादीखाली सरकवा, कारण त्या गादीला तुमच्याखेरीज कुणी हात लावत नाही हे मला ठाऊक आहे.

तुम्हालाच लिहितोय याचं कारण असं की आपल्या सगळ्या गोतावळ्यात मला समजून घेईल असा माणूस तुम्ही एकटेच. मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा बाकीच्या मंडळींनी माझं शिक्षण विचारलं, उत्पन्न विचारलं, चष्म्याचा नंबर विचारला. तुम्ही मात्र खुर्चीतून न उठता एवढंच विचारलंत, ‘दुपारी पडतोस ना?’ मी हो म्हणालो आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, नापास झालो. नंतर कळलं की तो होकार होता.

माझा धंदा तुम्ही जाणताच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात आणि मी त्यावरून कवळी करतो. (एका खोलीला मी कारखाना म्हणतो, ते तुम्ही आजवर चालवून घेतलंत, यापुढेही घ्यावं.) या धंद्याने माणूस संशयी होतो. रस्त्यात कुणी माझ्याकडे बघून मनमोकळं हसलं की आधी मला हे ताडावं लागतं की ते हसू त्याचं आहे की माझं. आमच्या बँकेतला कॅशियर इतका गोड हसतो की लोक त्याच्या रांगेत उभे राहतात. ते अख्खं हसू मी मेणात बसवलेलं आहे, आतला माणूस खत्रूड आहे. पण याच धंद्याने मला विश्रांती म्हणजे काय तेही शिकवलं. आता तुम्ही तोंड मिटून बघा. ओठ मिटलेत, पण वरचे दात खालच्यांना टेकलेले नाहीत. मधे बारीकशी फट आहे. निवांत माणसाचे दात एकमेकांना टेकत नाहीत. ते चावताना टेकतात, गिळताना टेकतात आणि मेहुणा मुक्कामाला आला की टेकतात. कवळी करताना ती फट सोडावीच लागते. नवशिका कारागीर ती विसरतो, दात चांगले उंच लावतो, आणि मग ते गिऱ्हाईक दिवसभर तोंडात कटकट वाजवत फिरतं, हिरड्या ठणकतात आणि शेवटी ते कवळी रुमालात बांधून डॉक्टरच्या टेबलावर आपटतं.

तशी एक फट मी माझ्या आठवड्यात सोडलेली आहे. रविवारी जेवण झाल्यापासून चहा होईपर्यंत, पुढच्या खोलीतला दिवाण. त्या वेळात मी झोपतोच असं नाही (लागली झोप तर तक्रार नाही). वाचत नाही, रेडिओ लावत नाही, विचारही करत नाही. आलेच विचार तर येऊ देतो, पण त्यांना बसा म्हणत नाही. सोमवारी माझा हात हलत नाही आणि दात रेषेत बसतात ते या दोन तासांच्या जिवावर. लोक याला आळस म्हणतात. म्हणोत बापडे. तो आळस मी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला आहे. पाहुणे आले, सोसायटीच्या सभा आल्या, गच्चीवरच्या टाक्या धुण्याचे सामुदायिक कार्यक्रम आले, पण रविवारच्या त्या दोन तासांना मी कुणाचं बोट लागू दिलं नाही.

आणि मग तुमचे चिरंजीव आले. चार दिवसांसाठी, असं म्हणाले होते. (कुठल्या चार दिवसांसाठी, ते मी विचारायला हवं होतं.) शाळेत आयुष्यभर कवायत शिकवून ते यंदा निवृत्त झाले, आणि शाळेतली सगळी मुलं सुटली म्हणून ते आता आम्हाला लागले आहेत. मी मनातल्या मनात त्यांना अलार्म म्हणतो. आता कागदावरही म्हणतो, तुम्ही वडील आहात तरी रागावणार नाही अशी खात्री आहे. बसलेला माणूस दिसला की अलार्मना तो अडकलेला वाटतो आणि ते त्याला सोडवायला धावतात. आल्या दिवशी त्यांनी आमचा न गळणारा नळ दुरुस्त केला, तो आता गळतो. दुसऱ्या दिवशी कपाटं हलवली. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता अगदी सहज विचारावं तसं विचारलं, ‘भावजी, रविवारी दुपारी तुमचं काय असतं?’ मी बेसावध होतो. बोलून गेलो, ‘काही नाही.’ मामा, तिथे मी फसलो. माझ्या लेखी ‘काही नाही’ म्हणजे सगळी वेळ भरलेली. त्यांच्या लेखी ती मोकळी. त्यांनी लगेच त्या रविवारी माळा आवरणे, पडदे आणणे आणि माझे पोट कमी करणे असे तीन कार्यक्रम ठोकून दिले. माणूस विनाकारण इतका उत्साही असू शकत नाही असं माझं तेव्हापासूनच मत झालं. यामागे काहीतरी आहे. दिवाणावर डोळा असावा असा पहिला संशय होता, पण ते तर जमिनीवर झोपतात. यानं तर संशय दुणावला.

त्या रविवारी मी जेवल्याबरोबर आडवा झालो आणि पडद्यांच्या कार्यक्रमातून गुपचूप निसटलो. हे दोघं भाऊबहीण दुकानात गेले. घर शांत. पंख्याचा वारा पायाच्या तळव्याला लागत होता, डोळा जड होत होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे अलार्म. पडद्याचा गठ्ठा जड आहे, तुम्ही ताबडतोब दुकानाशी रिक्षा घेऊन या, असा हुकूम. मी म्हणालो, ‘मी पडलोय.’ आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण त्यांनी विचारलं, कधी? मी खरं ते सांगितलं की जेवण झाल्या झाल्या. कुठे? पुढच्या खोलीत. मग घाबऱ्या आवाजात विचारलं, लागलं का? मला वाटलं, डोळा लागला का असं विचारतायत. पहिल्यांदाच या माणसाने माझ्या झोपेची चौकशी केली म्हणून मला जरा बरंही वाटलं. मी म्हणालो, आत्ता कुठे लागत होता, तेवढ्यात तुमचा फोन. त्यांनी विचारलं, उठता येतंय का? मी म्हणालो, छे, मुळीच उठवत नाही. एवढं बोलून मी फोन ठेवला आणि कूस बदलली. या सगळ्या संभाषणात मी एक अक्षर खोटं बोललेलो नाही, याची तुम्ही नोंद घ्यावी.

थोड्या वेळाने डोळे उघडले तर डोक्यावर छताऐवजी चेहरे. अलार्म घामाघूम. शेजारच्या बाई हातात बर्फ घेऊन. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, बनियनवर, गळ्यात नळी. (त्यांचाही रविवार मोडला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.) आणि तुमची कन्या पायथ्याशी उभी, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं, खांदे गदगदा हलतायत. मी उठायला गेलो तर बाकी तिघांनी मिळून मला दाबून धरलं. मी सांगणारच होतो हो. ‘अहो, पडलोय म्हणजे नुसता पडलोय’ हे वाक्य ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात तुमची कन्या तोंडावरचे हात न काढता म्हणाली, ‘हलू नका. आता पंधरा दिवस मुळीच उठायचं नाही.’ मामा, संसारात असं वाक्य माझ्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. ते पुरतं ऐकून घेतल्याशिवाय मधे बोलणं मला बरं दिसेना, आणि ऐकून घेतल्यावर तर बोलवेनाच. डॉक्टरांनी कंबर दाबली, इथे दुखतं का म्हणून विचारलं. माझ्या वयाच्या माणसाला कुठेही दाबलं तरी दुखतं. मी प्रामाणिकपणे हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं (हा माणूस पहिल्यापासून माझ्यावर संशय घेतो) आणि सक्तीची विश्रांती लिहून दिली.

मी मनात म्हटलं, चला, इतकी वर्षं चोरून केलं ते आता उजळ माथ्याने. आळशी माणसाला लोक उठवतात आणि पडलेल्या माणसाला पांघरूण घालतात. हा फरक आधी का लक्षात आला नाही याचंच नवल वाटलं. पण विश्रांतीच्या आधी ‘सक्तीची’ हा शब्द होता, तो मी नीट वाचला नव्हता. माझी शुश्रूषा अलार्मनी हातात घेतली. भिंतीवर तक्ता लागला. सकाळी पायाचे चवडे फिरवणे, मग श्वास रोखणे, मग श्वास सोडणे (तो तक्त्याआधीही मी सोडत असे), मग गरम पिशवी, मग थंड पिशवी, मग डावा गुडघा पोटाशी, मग उजवा. तोंडात शिट्टी. होय, शिट्टी. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी ती परत केलेली नाही. मी कारखान्यात उभ्याने काम करायचो तेव्हा इतका दमत नव्हतो तितका आता आडव्याने दमतो. त्यात कुठली बाजू दुखते ते लक्षात ठेवायचं. परवा मी चुकून डाव्या कुशीवर वळताना कण्हलो आणि अलार्म थबकले. काल उजवी होती ना, म्हणाले. मी म्हणालो, सरकलं. त्यांनी मान डोलावली, पण मला ती डोलावणी पसंत नाही.

जेवणानंतरचे दोन तास तर काही विचारू नका. पूर्वी आठवड्यातून एकदा मिळायचे, आता रोज मिळतात, आणि रोज अलार्म उशाशी खुर्ची ओढून बसतात. मी उठून चालायला लागेन अशी त्यांना भीती. (मला. उठून चालायची. भीती त्यांना.) बसून राहणं त्यांना जमत नाही, म्हणून वेळ वाया कसा घालवू नये यावरचं एक जाडजूड पुस्तक ते मला मोठ्याने वाचून दाखवतात. त्यात एका माणसाने दाढी करता करता एक परकी भाषा शिकल्याची हकीकत आहे. ती त्यांनी मला दोनदा ऐकवली.

इथवर मी सोसलं असतं. पण आता जे सांगतो त्याने माझी झोप, म्हणजे उरलीसुरली, उडाली आहे. अलार्म पुस्तक उघडून बसले की तुमची कन्या पिशवी उचलते आणि ‘मी जरा जाऊन येते’ म्हणून बाहेर पडते. रोज. कुठे, ते सांगत नाही. ‘जरा’ म्हणते आणि चहाच्या वेळेला परतते. पिशवी जाताना रिकामी, येताना रिकामी. येते ती तजेलदार होऊन, गुणगुणत. मी खिळलेला, मला विचारायची सोय नाही. आजाऱ्याने चौकश्या केल्या की त्याला ताप आहे असं समजून लोक कपाळाला हात लावतात. परवा ती मला पाणी द्यायला वाकली तेव्हा मला तिच्या खांद्यावर, मागच्या बाजूला, पांढरी भुकटी दिसली. दुसऱ्या कुणाला ते पीठ वाटलं असतं. मला वाटणार नाही. मामा, ते प्लास्टर होतं. माझ्या कारखान्यातलं, ज्याचे मी साचे ओततो ते. कारखान्याची दुसरी किल्ली तिच्याकडे असते.

आता दुवा जुळवा. मी पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी अलार्म माझ्या देखत तिला म्हणाले होते की भावजींना आता उभ्याचं काम झेपणार नाही, जागा मोक्याची आहे, भाड्याने देऊन टाका आणि त्यांना रोज माझ्याबरोबर टेकडीवर फिरायला पाठवा. तुमची कन्या त्यावर हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिने पिशवी उचलली. म्हणजे ही रोज दुपारी जाऊन लोकांना जागा दाखवते असा माझा पक्का संशय आहे. कारखाना गेला की मी घरी, आणि घरी अलार्म. मग मला आठवड्यातले दोन तास काय, दोन मिनिटंही मिळणार नाहीत. टेकडीवर दिवाण नसतो.

म्हणून विनंती. तुम्ही चिरंजीवांना तातडीने बोलावून घ्या. कारण काहीही द्या. छपराची कौलं म्हणा, विहिरीचा रहाट म्हणा, नुसतं ‘घरात एक वस्तू धड चालत आहे’ एवढं कळवलंत तरी ते रात्रीची गाडी पकडतील. तुम्हाला त्रास होईल हे मी जाणतो. मला तर असाही संशय येतो (रागावू नका, आडव्या माणसाला काहीही सुचतं) की चिरंजीव आमच्याकडे आले नाहीत, तुम्हीच त्यांना पाठवलंत. तसं असेल तर मी तुमच्या जागी असतो तरी हेच केलं असतं, पण आता पाळी तुमची.

सासूबाईंना नमस्कार. उत्तर घरी पाठवू नका.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या आडवा,
जावई

ता. क. पत्र बंद करून गादीखाली ठेवलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. पाकीट वाया गेलं, पण त्याला इलाज नाही.

काल दुपारी अलार्म त्या दाढीवाल्या हकीकतीपाशी तिसऱ्यांदा आले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला. बघतो तर हनुवटी छातीवर, पुस्तक मांडीवर, तोंड उघडं. (दात उत्तम आहेत. तुमच्या घराण्याने मला धंदा दिला नाही.) मी गादीवरून पाय खाली सोडले, सपाता हातात घेतल्या आणि जिना उतरलो. अंगात घरातला सदरा. कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारा बसतो, त्याने आ वासून बघितलं. बँकेचा कॅशियर शटरपाशी उभा होता, तो माझं हसू हसला. मी सरळ बँकेमागच्या गल्लीत, सायकलवाल्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर. डोक्यात वाक्य तयार होतं. भाडेकरू समोर दिसला की म्हणायचं, जागा द्यायची नाही, आणि मग तुमच्या कन्येकडे नुसतं बघायचं.

दाराला काच आहे. आत बघितलं. भाडेकरू नव्हता. कुणीच नव्हतं. टेबलावरचे सगळे प्लास्टरचे जबडे तिने भिंतीकडे तोंड करून मांडले होते, कुणी बघू नये म्हणून असेल. खिडकीशी जे लांब बाक आहे, ज्यावर मी साचे वाळत घालतो, त्यावर ती आडवी पडली होती. चपला काढून नीट जोडीने ठेवलेल्या. माझ्या एप्रनची घडी करून डोक्याखाली घेतलेली. झोपली नव्हती. डोळे उघडे होते, पंख्याकडे बघत होती, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला आणि वरच्या पायाचा अंगठा हळूहळू हलत होता. हातात काही नव्हतं. निवडायला नाही, शिवायला नाही, पुसायला नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. आपल्याच घरात इतकं कसलेलं माणूस असावं आणि आपल्याला पत्ता नसावा. मग मी बघतच राहिलो. मामा, इतक्या वर्षांत मी तिला काही न करताना पाहिलंच नव्हतं. ती बसते तेव्हाही तिच्या मांडीवर काहीतरी असतं. आजारी पडली तरी पडल्या पडल्या दुधाचा हिशोब सांगते. तिचा चेहरा असा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. 

दार वाजवायला हात उचलला होता. तो तसाच खाली घेतला. या वेळी दार वाजवील तो माणूस अलार्म, दुसरा कोण? पायऱ्या उतरून खाली आलो तर सायकलवाला म्हणाला, मास्तर, कमरेचं कसं काय? तेव्हा लंगडायचं आठवलं आणि तिथून कोपऱ्यापर्यंत लंगडलो.

वाटेत मात्र मी एकदम थांबलो, आणि मागचा माणूस माझ्यावर आदळला. मला एक गोष्ट आठवली. रविवारी दुपारी आमचा फोन वाजला, दार वाजलं, की कित्येक वर्षं तीच उठते, आणि डॉक्टर असोत, शेजारी असोत, सगळ्यांना एकच सांगते. ‘हे जरा पडलेत.’ हाच शब्द. आजवर तो ऐकून कुणी बर्फ घेऊन धावलेलं नाही. मग पडद्याच्या दुकानात अलार्मनी घाबरून ‘भावजी पडले’ म्हटल्यावर तिला काय कळलं नसेल? एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं तिला. मिटवलं नाही. आणि पायथ्याशी उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, खांदे हलत होते, ते मी रडणं समजलो. मी. अर्ध्या गावाचं हसू ज्याच्या हातचं, त्या माणसाला आपल्या बायकोचं हसू ओळखू आलं नाही. पंधरा दिवस तिने काय हिशोबाने सांगितले ते आता उमगतं. मी खिळलेला, भाऊ माझ्या उशाशी बांधलेला, दाराची घंटा वाजली तर उठायला एक शिट्टीवाला हजर, आणि ही मोकळी. आमच्या घरात निवांतपणा एका वेळी एकालाच मिळायचा, कारण दुसऱ्याला दाराशी राहावं लागायचं. तिने तिसरा माणूस बसवला. इतकी साधी युक्ती मला कधी सुचली नाही.

तेव्हा मागच्या पानावरची विनंती रद्द समजावी. चिरंजीवांना बोलावू नका. ते स्वतःहून निघाले तर इकडचं काहीतरी मोडलंय असं कळवा, मी खरंच मोडून ठेवतो. पंधरा दिवस संपत आले की मी पुन्हा पडेन. या खेपेस जिन्यावरून पडेन म्हणतो, म्हणजे लवकर बरं होता येणार नाही. शिट्टीची सवय होते. दाढी करता करता भाषा शिकणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आता थोडी आपुलकीही वाटू लागली आहे. मी हे तिच्यासाठी करतोय असा संशय कुणाला येता कामा नये. विचारलंच कुणी, तर कंबर.

ता. क. पुन्हा. खरं काम राहिलंच. मामा, एक उशी पाठवा. घरातली मी हलवली तर तिला लगेच कळेल, आणि विकत आणायला मी उठून जाऊ शकत नाही. पातळ पाठवा. एप्रनची एक घडी तिने उलगडून टाकली होती, म्हणजे उंच उशीने तिची मान धरत असणार. हे तुम्हाला तिच्या लहानपणापासून ठाऊक असेल, मला काल कळलं. तिची तिकडची जुनी असेल तर तीच पाठवा. पार्सल घरच्या पत्त्यावर नको, अलार्म शिवण उसवून पुन्हा घालतील. कारखान्याच्या पत्त्यावर, सायकलवाल्याकडे, माझ्या नावाने पाठवा. माझ्या कमरेसाठी आहे असं मी त्याला सांगून ठेवतो, आणि ती दुपारी वर जाताना तो तिच्या हातात देईल. तिला संशय येणार नाही असं मला वाटत नाही. पण तेवढा एक संशय तिच्याजवळ राहू दे.